हळदीची वाटी

‘सांगाती’ हा शब्द वापरताना अक्का फार कंजूष होत. मंडी मोहल्ल्यात त्यांच्या माडीवर मी भाड्याने राहायला आले, तेव्हा नुकतंच पुणं सोडून या कन्नड शहरात आलेल्या माझ्या तोंडी सारखं ‘बेस्ट फ्रेंड’ असायचं. “मैत्रिणी ढीगभर मिळतात गं,” अक्का म्हणत. “सांगाती म्हणजे आपल्या पावलानं चालणारा.” मग यजमान? मी विचारायची. “ते? अय्यो, ते कायम पुढं!” यजमान पेपरातून डोकंही वर काढत नसत.

हा मान फक्त शेजारच्या गौरम्मांचा. त्यांना मराठीचा गंध नव्हता. आषाढातल्या शुक्रवारी दोघी चामुंडीचा डोंगर पायी चढत आणि पायरीपायरीला हळदकुंकू लावत. हळद अक्कांची, कुंकू गौरम्मांचं, ही वाटणी ठरलेली.

मग अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा म्हणाला, बसने वर जाऊन दर्शन घे. “सुम्ने, नुसतं बसून जायला मी काय पार्सल आहे?” अक्का कडाडल्या, पण त्या वर्षी घरातच राहिल्या. मी मोडक्या कन्नडमध्ये गौरम्मांना म्हटलं, तुम्ही तरी जा. “अरिशिण इल्लदे कुंकुम हेगे?” हळदीवाचून कुंकू कसं लावू, असं विचारून त्यांनी दार लावून घेतलं. आपल्यापायी तिचा नेम मोडला, हे अक्कांच्या जिवाला फार लागलं.

पुढच्या आषाढात डॉक्टरांनी चढायची परवानगी दिली, वाकायची नाही. अक्कांनी एका वेताच्या काठीला कापडाचा बोळा बांधला. तो हळदीत बुडवून त्या उभ्यानेच पायरीला बोट लावल्यासारखी हळद लावत. लोक हसत होते. गौरम्मा वाकून कुंकू लावत आणि अक्कांची धाप ओसरेपर्यंत थांबत. मागून पाण्याची बाटली घेऊन चढताना माझाच जीव मेटाकुटीला आला. माथ्यावर पोचताच अक्कांनी काठी उंच धरली आणि साऱ्या गर्दीला ऐकवलं, “इवळे नन्न संगाती!” हीच माझी सांगाती! हा शब्द कन्नडमध्येही आहे, हे मला तेव्हा कळलं. गौरम्मा नव्या नवरीसारख्या लाजल्या आणि मला रडू आवरेना.

अक्का आता नाहीत. यंदा आषाढातल्या शुक्रवारी सकाळीच दारावर थाप पडली. गौरम्मा उभ्या होत्या. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात अक्कांची पितळी वाटी, हळदीने काठोकाठ भरलेली. ती माझ्यापुढे धरून त्या एवढंच म्हणाल्या, “बा.” ये.

मी वाटी घेतली आणि ऑफिसात रजा कळवली. सवयीने भराभर चढायला लागले, मग अक्का आठवल्या आणि पाऊल आवरलं. दुपारी आम्ही माथ्यावर होतो, आणि खाली एकही पायरी अर्धी राहिली नव्हती.