वेळ पाळणारा उजेड

आमच्या पलटणीला लडाखची पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो आणि बिरू खरात माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक. मी साताऱ्याचा, कोरेगावकडच्या उसाच्या पट्ट्यातला. बिरू तासगावच्या पूर्वेकडच्या माळावरचा, मेंढपाळाच्या घरातला. पाऊस सरला की त्याचे वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचे. आमच्या रानातही खतासाठी अशी मेंढरं बसायची, त्यामुळे आमचं सूत लवकर जुळलं.

पोस्ट उंचावर होती. किती उंचावर ते सांगत नाही, सवय आहे. दिनक्रम सरळ होता. बर्फ वितळवून पाणी करायचं, बंकर गरम ठेवणारी बुखारी पेटती ठेवायची, हत्यार साफ करायचं, रिपोर्ट द्यायचा. आणि रोज दोनदा, उजाडायच्या आधी आणि अंधार पडताना, स्टँड-टू. म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन बंकरमध्ये तयार उभं राहायचं, कारण हल्ला व्हायचा तर याच दोन वेळांना होतो, असं आम्हाला शिकवलेलं. सिव्हिलमधल्या माणसाने एवढं ध्यानात ठेवावं. नेमक्या याच दोन वेळांना आम्ही डोळे फाडून आकाशाच्या कडेकडे बघत होतो.

थंडी सुरू होताना एका पहाटे समोरच्या रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, उजेड दिसला. आधी काही नव्हतं, मग एकदम होता, कुणीतरी बटण दाबल्यासारखा. पिवळसर पांढरा, कडेने लाल-हिरवा चमकणारा. दुसऱ्या पहाटे पुन्हा. मग संध्याकाळच्या स्टँड-टूला दुसऱ्या बाजूला आणखी एक.

“ड्रोन है?” कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

“आवाज नहीं है, साब,” मी म्हणालो.

माझ्या मनात एकदा शंका आली. बिरूला बाजूला घेऊन मी विचारलं, “ही चांदणी तर न्हाई रं?”

तो हसला. “चांदणी मला शिकवता व्हय दादा? चांदणी उगवली की आबा लाथ घालून उठवायचा. चांदणी अशी दबा धरून येत न्हाई.”

त्याचा शब्द पोस्टवर चालला. उघड्या आभाळाखाली वाढलेला पोरगा चांदणी नाही म्हणतो म्हणजे नाहीच. कॅप्टनसाहेबांनीही मान डोलावली. आज ते आठवलं की डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. माळावर चांदणी बाभळींमागून, धुळीतून हळूहळू वर येते. तिथे ती उंच कड्याआड आधीच वर चढलेली असायची आणि एकदम बाहेर पडायची. हवा इतकी विरळ की ती टॉर्च मारल्यासारखी दिसायची. बिरूची ओळख खोटी नव्हती, पण ती माळावरची होती.

त्यातून तो उजेड वेळ पाळायचा. आम्हाला सगळ्यांत जास्त खटकलं ते हेच. कुणी वेळ पाळताना दिसलं की आम्हाला तिथे फौजच दिसते. रिपोर्ट वर जात राहिले आणि वरून विचारणा येत राहिली. किती अंतरावर आहे? किती उंचीवर आहे? एका जागेवरून अंतर सांगता येत नाही. म्हणून हुकूम आला, दक्षिणेच्या उंच धारेवर दोन जवान बसवा, दोन ठिकाणांहून एकाच वेळी दिशा मोजा. नकाशावर दोन रेषा जिथे छेदतील तिथे वस्तू.

बिरूने स्वतःहून नाव दिलं. सोबत एक शिपाई घेऊन तो वर गेला. पहाटे मी पोस्टवर रेडिओ सेटजवळ होतो.

“ऑब्जेक्ट दिख रहा है. ओवर.”

“बेअरिंग बोलो. ओवर.”

त्याने दिशेचा आकडा सांगितला आणि खोकला.

“खोकतोस का रं?” शिस्त सोडून मी मराठीत विचारलं.

“थंडी हाय, दादा. लय तेज हाय ही. आज सोडत न्हाई तिला.”

नकाशावर रेषा आखल्या. त्या छेदल्याच नाहीत. शेजारी शेजारी धावत कागदाबाहेर निघून गेल्या. दोन रेषा अशा जातात तेव्हा वस्तू कल्पनेच्या पलीकडे लांब असते, हे शाळेतलं पोरही सांगेल. उत्तर टेबलावर पडलं होतं. आम्ही सगळे त्याच्यावर वाकून बघत होतो आणि म्हणालो, माप चुकलं. सेटवर मीच हुकूम सांगितला: आणखी एक दिवस थांबा, उद्या पुन्हा मोजा.

दुपारी हवा बिघडली. संध्याकाळी शिपायाचा आवाज आला, खरातला श्वास घेता येत नाही, तोंडातून फेस येतोय. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्याला खाली आणणं हाच इलाज. हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. आम्ही स्ट्रेचर घेऊन चढलो. भेटला तेव्हा त्याने मला ओळखलं. हाताने रिजकडे खूण केली. उतरताना पोस्ट दिसायच्या आत गेला.

त्याला घरी न्यायला मी सोबत होतो. गावाने बंदुकीची सलामी ऐकली, घोषणा दिल्या. सगळं पांगल्यावर त्याच्या वडिलांनी, आबांनी, मला विचारलं, “मेजर, कशापायी गेला त्यो?” आमच्याकडे कुठलाही फौजी मेजरच असतो. मला जे खरं वाटत होतं ते मी सांगितलं. दुश्मनाचं यंत्र होतं आबा. बिनआवाजाचं, लय तेज. डोंगराच्या वर दिसायचं आणि रोज वेळेवर यायचं. बिरू त्याच्यावर नजर ठेवून होता. गावाने शाळेसमोर दगड उभारला, त्यावर तसंच कोरलं.

मी पोस्टवर परतल्यावर दोन शास्त्रज्ञ आले. सभ्य माणसं होती. दुर्बीण लावली, चहा घेतला, आकडेमोड केली. पहाटेचा शुक्र, संध्याकाळचा गुरू. कुणाला दोष दिला नाही. म्हणाले, या उंचीवर कुणाचीही फसगत होईल. रेडिओवर एका ओळीत हुकूम आला, निगरानी बंद. त्या पहाटेही आम्ही स्टँड-टूला उभे होतो आणि चांदणी वेळेवर आली. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

आता मी साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर आहे. मध्यंतरी कामगारांच्या मोबाईलवर अशीच कुठलीशी बातमी फिरत होती, ग्रहांना ड्रोन समजल्याची. पोरं पोट धरून हसत होती. एकाने मलाही फोन दाखवला. “बघा की मेजर, हसाल.” मी त्याचं ओळखपत्र मागितलं आणि ते नीट लावलं नाही म्हणून त्याला झापलं. त्याचा काय दोष?

दरवर्षी बिरू गेला त्या दिवशी मी तासगावला एसटीने उतरतो आणि पुढे जीपने गाव गाठतो. दगडाला हार घालतो. आबा दरवर्षी त्या यंत्राचं विचारतात, “त्ये इमान कुणाचं हुतं, कळलं का?” मी सांगतो, तपास चालू हाय. यंदा ठरवून गेलो होतो की आता खरं सांगायचं. म्हाताऱ्याने किती वर्षं वाट बघायची?

मेंढरं विकली होती. आबा दिवस मावळताना अंगणात पश्चिमेकडे तोंड करून बसले होते, घोंगडं खांद्यावर, काठी मांडीवर आडवी. मी शेजारी बसलो. आभाळ काळवंडलं आणि डोंगराच्या वर शुक्र लखलखला.

आबांनी माझा हात धरला. “आलं बगा मेजर.”

“काय आलं, आबा?”

“त्येच की. तुमी सांगितल्यालं. आवाज न्हाई, लय तेज, आन् येळ चुकवत न्हाई. आता हितं येतंया. म्या रोज राखण बसतो.”

या माणसाने जन्मभर या चांदणीवर मुक्कामाचा वाडा उठवला, मेंढरं हाकली, पोराला जागं केलं. माझ्या शब्दांनी तीही त्याच्याकडून काढून घेतली होती.

“आबा, ऐका माझं,” मी म्हणालो. “ही चांदणी हाय. शुक्राची. तितंबी हीच हुती. इमान नव्हतंच.”

आबा रागावले नाहीत.

“चांदणी मला शिकवता व्हय मेजर?” ते म्हणाले. “चांदणी माणूस न्हेत न्हाई.”

मी सरळ बसलो आणि त्यांच्यासोबत बघत राहिलो. हळूहळू ती खाली सरकली आणि डोंगराआड गेली.

“गेलं?” आबांनी विचारलं. मंद झालं की त्यांना आता नीट दिसत नाही.

“गेलं, आबा.”

“बिरू असता तर त्येनं सोडलं नसतं त्येला.”

“न्हाई, आबा. सोडलं नसतं.”