मेहुण्याच्या तोंडवळ्याचा कुत्रा

उस्तादांची सगळी हयात बस चालवण्यात गेली. डेपोत त्यांना सगळे उस्तादच म्हणत आणि निवृत्त झाल्यावर ते नाव गल्लीतही चिकटलं. बस अशी थांबवायची की उभ्या प्रवाशाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळू नये, अशी त्यांची ख्याती होती. निदान ते स्वतः तरी तसं सांगत.

बायको लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली आणि घरात दोघेच उरले, उस्ताद आणि कुत्रा. कुत्रा बायकोचा जीव की प्राण. ती त्याला सोन्या म्हणे, उस्ताद खवचटपणे साहेब म्हणत. लोंबते गाल, जड पापण्या आणि आत्ताच कुणीतरी अपमान केल्यासारखा चेहरा. बायकोचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"सोन्या जेवला का?"

"जेवला. मीही जेवलो. तू विचारलं नाहीस म्हणून सांगतो."

"तुमचं काय, तुम्ही जेवालच की."

उस्तादांना याचं काही वाटत नसे, असं त्यांचं म्हणणं. पण एके दिवशी त्यांच्या डोक्यात आलं, की ती परत यायच्या आत तिच्या खुर्चीच्या उशीवर या साहेबांचा चेहरा भरून ठेवायचा. घरात तिचं शिलाई मशीन होतंच आणि कोपऱ्यावर मशीनच्या भरतकामाचा एक क्लास चाले.

क्लासच्या बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "आधी एक पान काढू या."

"पान नको. कुत्रा."

"काका, कुत्र्याला डोळे असतात. पानाचं तसं काही नसतं."

"बाई, मी भर बाजारात बस मागे घेतलीय."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी रिंगमध्ये कापड ताणून बसवलं, खाली जाड कागद लावला आणि कापड पुढे सरकवणारे मशीनचे दाते खाली उतरवले. "आता मशीन कापड ओढणार नाही. सुई जागच्या जागी वरखाली होणार आणि रिंग तुम्ही फिरवायची. पाय झरझर, हात सावकाश."

घोडं अडलं ते इथेच. उस्तादांच्या पायाला जपून दाबायची सवय आणि हातांना भलंमोठं स्टिअरिंग गरगरा फिरवायची. इथे सगळंच उलटं. टाके लांबच लांब पडू लागले आणि पहिल्याच वळणावर सुई कटकन मोडली. दुसरी लावली, तीही गेली. कापडाखाली दोऱ्याचा असा गुंता झाला, की बाईंना कात्री घेऊन तो सोडवत बसावं लागलं.

"वळणावर हॉर्न द्यायला विसरलात, काका," शेजारच्या मशीनवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या.

उस्ताद हट्टाला पेटले. घरी मशीन खिडकीशी ओढून ते रोज बसू लागले. साहेबांना समोर बसवून पाहिलं, पण साहेब पाठ करून झोपत. मग फोटोवरून पेन्सिलीने चेहरा उतरवला. गाल भरघोस दिसावेत म्हणून त्यांनी एकाच जागी टाक्यांवर टाके घातले. त्यामुळे कापड आवळलं, गाल फुगले, नाक बसलं. कान रिंगच्या कडेपाशी अडले, ते डोक्यालाच चिकटून राहिले.

क्लासच्या बाईंनी काम हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "छान आहे. कोण आहेत हे?"

उस्ताद ओशाळले. पण बायको दुसऱ्या दिवशी यायची होती, उसवायला वेळ कुठला? त्यांनी तशीच उशी शिवली आणि खुर्चीत ठेवून दिली.

बायको आली. आधी सोन्याचे लाड झाले, मग खुर्चीकडे लक्ष गेलं. तिने उशी उचलली आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"अहो, तुम्ही आमच्या छोटूचं चित्र काढलंत?"

छोटू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आता टक्कल पडलेला, गाल सुटलेला, पण बहिणीसाठी अजून छोटूच. त्याचा आणि उस्तादांचा कित्येक वर्षांचा अबोला. एकदा सगळे मिळून गाडीने सहलीला गेले, तेव्हा हा मागे बसून "भाऊजी, डावीकडे घ्या, डावीकडे" करत राहिला आणि उस्तादांनी एका बंगल्याचं फाटक पाडलं. फाटक कुणामुळे पडलं यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. दोघांचे निरोप पोचवून पोचवून बायको मेटाकुटीला आली होती.

'कुत्रा' हा शब्द उस्तादांच्या अगदी जिभेवर आला होता. पण ती डोळे पुसत होती.

"आठवण येत होती त्याची," ते म्हणाले. आणि बोलून गेल्यावर त्यांनाच शंका आली, की हे अगदीच खोटं नसावं.

तिने लगेच भावाला फोन लावला. रविवारी छोटू हजर. उशी हातभर लांब धरून तो निरखत बसला. कुत्रा येऊन नेमका त्याच्या पायाशी बसला आणि वर बघू लागला.

"भाऊजी, एक विचारू? माझे गाल इतके फुगलेत?"

"थोडेसे."

"आणि नाक काळं आहे?"

बायकोने भावाकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग उशीकडे.

"अहो..."

"सुई सारखी मोडत होती," उस्ताद पुटपुटले.

बायको हसायला लागली ती थांबेना. छोटूचंही पोट गदगदा हलू लागलं. मग डोळे पुसून तो म्हणाला, "ते असू द्या. फाटक मात्र तुम्हीच पाडलंत."

"तू डावीकडे म्हणालास."

"माझी डावी म्हणालो होतो मी."

"तू माझ्याच मागे बसला होतास ना? तुझी डावी वेगळी कुठून येणार?"

जेवणं होईपर्यंत हेच चाललं. बायकोने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. कधी नव्हे ते तिला कुणाचा निरोप पोचवायचा नव्हता. निघताना छोटूने उशी काखेत मारली. "इतका रुबाबदार फोटो नाही माझा," म्हणाला.

उस्ताद पुन्हा क्लासला जाऊ लागले. या खेपेला टाके विरळ, केस वळतील त्या दिशेने, एका थरावर दुसरा थर हलक्या हाताने. शेवटी घरी खिडकीशी बसून डोळा भरायला घेतला. काळ्या दोऱ्याच्या बाहुलीत बाईंनी सांगितला तसा त्यांनी पांढऱ्याचा एक बारीकसा ठिपका टाकला आणि तो चेहरा एकदम त्यांच्याकडे बघू लागला. त्यांनी पाय काढला. मशीन थांबलं, तरी ते तसेच बसून राहिले.

बायको मागे येऊन कधी उभी राहिली ते त्यांना कळलंच नाही.

"हा मात्र सोन्याच."

"साहेब," उस्ताद म्हणाले. "आणि जरा बाजूला हो, उजेड अडतोय. एक डोळा व्हायचाय अजून."