खोकणाऱ्यांची सुट्टी

ऑडिटच्या दिवशी खोकणाऱ्या बायकांना भरपगारी सुट्टी द्यायची, ही कल्पना पहिल्यांदा कोणाच्या डोक्यातून निघाली ते मला आजवर कळलेलं नाही. कळलं असतं तरी मी काय करणार होते म्हणा. पण निदान राग कोणावर काढायचा एवढं तरी ठरलं असतं. आता तो कोणावरही निघतो. बसच्या ड्रायव्हरवर निघतो, करपलेल्या पोळीवर निघतो.

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका सूतगिरणीत मी वाइंडिंगला आहे. बॉबिनवरचं सूत कोनावर, म्हणजे शंकूसारख्या मोठ्या रिळावर, गुंडाळलं जात असतं. धागा तुटला की जोडायचा, कोन भरला की उतरवायचा. मी इचलकरंजीकडची. आठवीत शाळा सुटली. आमच्याकडचे माग बंद पडायला लागले तेव्हा मामा इकडे जॉबर, म्हणजे मशीनवरचा मुकादम, म्हणून आला आणि मला सोबत घेऊन आला. मामा वर्षभरात कंटाळून परत गेला, मी राहिले. घरून कोणी 'ये' म्हणत नव्हतं हे एक कारण. दुसरं कारण मॅडम.

मॅडम म्हणजे आमच्या लेबर ऑफिसर. नागपुरातल्या महाल भागातल्या एका गल्लीतून रोज स्कूटरने येणाऱ्या. माझ्याकडे शाळेचा दाखला नव्हता, तरी त्यांनी मला कामावर ठेवून घेतलं. डेंग्यू झाला तेव्हा स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं, आणि मी पडू नये म्हणून आपल्या ओढणीने मला स्वतःच्या कमरेशी बांधलं. परमुलखात असं कोण करतं? त्यांच्याविषयी वाईट बोलायला मला आजही जड जातं. बोलणार आहे, पण जड जातं.

आमचं सूत परदेशात जातं. तिकडच्या घेणाऱ्यांना हवं असतं की आम्ही कामगार सुखात आहोत असं कोणीतरी लिहून द्यावं. म्हणून वर्षातून एकदा ऑडिटर येतो. पैशांचं ऑडिट वेगळं, हे माणसांचं. तो यायच्या आदल्या आठवड्यात गिरणी लग्नघर होते. पिण्याच्या पाण्याचा मोठा थंड कूलर भाड्याने येतो, आणि ऑडिटरची गाडी फाटकाबाहेर पडली की कूलरही जातो. नवे मास्क वाटतात. मॅडम कँटीनमध्ये आमची तोंडी परीक्षा घेतात.

"मास्क मिळतो का?"

"मिळतो मॅडम."

"कधी बदलून देतात?"

"दर आठवड्याला."

"आणि हसू नका गं, लग्नाच्या पंगतीत बसल्या आहात का?"

शेवटी त्या यादी वाचायच्या, उद्या कोणाला सुट्टी. यादीतल्या सगळ्या जणी कार्डिंगच्या. कार्डिंगमध्ये कापूस पिंजून निघतो आणि त्याची धूळ हवेत तरंगत असते. तिथे झाडू मारणाऱ्या बायकांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या होतात. तिथे काही वर्षं काढली की छातीत घरघर सुरू होते. ऑडिटरला मास्क दिसावा, घरघर ऐकू येऊ नये, म्हणून सुट्टी. पहिल्या वर्षी आम्ही यावर हसलो होतो. आमच्या वाइंडिंगच्या पोरी मुद्दाम खोकायच्या, "मॅडम, मला पण लिहा ना," म्हणून. मीसुद्धा खोकले होते.

त्या यादीत ताई असायची. ती मूळ नागपूरचीच. तिच्या सासूसासऱ्यांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतलेली. घरात निळा झेंडा, भिंतीवर मुलांच्या मार्कशीटा फ्रेम करून लावलेल्या. मी आले तेव्हा बोलण्यावरून सगळ्यांनी मला चिडवलं. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. ताई म्हणाली, "पोरगी असून येतो म्हनते, अन् जेवाले येत तं नाहीच. चाल, माह्या डब्यातलं खा." तेव्हापासून मी तिच्या डब्यातलं खाते आहे.

गेल्या वर्षी ताईचा खोकला बदलला. आधी कामावर खोकायची आणि रविवारी बरी असायची. मग रविवारीही खोकायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाई, त्या धुळीतून निघा, नाहीतर पुढे जिना चढता येणार नाही. ताईने मॅडमकडे बदली मागितली. पॅकिंगला टाका, तिथे धूळ नाही. मॅडम म्हणाल्या, "ऑडिट होऊन जाऊ दे, मग बघू." ऑडिट झालं. मग म्हणाल्या, "सध्या जागा नाही वं, टेन्शन नको घेऊ." आणि बघता बघता पुढचं ऑडिट आलं.

त्याच सुमाराला कँटीनमध्ये एक सर येऊन बसायला लागले. शहरातल्या कॉलेजात कॉमर्स शिकवायचे आणि पीएचडी करत होते. कंपनीने त्यांना परवानगी दिली होती. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असं त्यात दिसतं ना. माणूस गोड. आमच्या टेबलावर चहा मागवायचे आणि आम्हाला समजेल असं सांगायचे. म्हणाले, पूर्वी ऑडिट म्हणजे नुसता जमाखर्च. आता कंपन्या हवेचा, पाण्याचा, कामगारांचाही अहवाल छापतात. अहवालात लिहिलंय ते खरं की देखावा, यावर आता जगभर संशोधन चाललंय. कोणी कॉम्प्युटरला ढिगाने अहवाल वाचायला लावतं आणि गोड शब्दांमागे लबाडी कुठे आहे ते हुडकतं. "माझा विषय मात्र माणसांचा आहे," ते म्हणाले. "ऑडिटर समोर बसला की कामगार काय बोलतात, आणि काय बोलत नाहीत."

मला तर देव भेटल्यासारखं झालं. म्हणजे एवढी शिकलेली माणसं, एवढ्या देशांत, आपल्याच गोष्टीच्या मागे लागली आहेत! ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "शिकलेला मानूस हाय. शिकलेल्या मानसाले सांगितलं तं वाया नाही जात. सांगू त्याले."

आम्ही सांगितलं. सुट्टीची यादी, कूलर, तोंडी परीक्षा, सगळं. सरांनी आधी कागदावर आमच्या सह्या घेतल्या, मग मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. ताईला मध्ये मध्ये खोकला येत होता. सर थांबायचे, पाणी पुढे करायचे. त्यांचे डोळे चमकत होते. "हे फार महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "यावर कोणीच लिहिलेलं नाही."

ताई म्हणाली, "मंग सर, माही बदली होईन नं?"

सर गडबडले. "नाही... म्हणजे ताई, मला त्यात पडता येत नाही. अभ्यास करणाऱ्याने मध्ये पडायचं नसतं. तसा नियम आहे. पण तुम्ही काळजी करू नका, तुमचं नाव कुठेही येणार नाही. कंपनीचंही येणार नाही."

"कंपनीचं काहून नाही?"

"तुम्हालाच त्रास होऊ नये म्हणून."

"आता का मले कमी तरास हाय?"

सरांनी पाण्याचा ग्लास पुन्हा तिच्यापुढे सरकवला. वाईट माणूस नव्हता हो. त्याचीच चीड येते. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, दोन शिव्या दिल्या की मोकळं. हा माणूस नीतीवर अभ्यास करत होता, नीतीने वागत होता, सह्या घेत होता, पाणी पाजत होता. आणि त्याच्या सगळ्या नीतीतून ताईला कार्डिंगच्या दारातून पलीकडे काढणारी एक फट निघत नव्हती. ताईचा खोकला त्याच्या मोबाइलमध्ये गेला. छातीतला छातीतच राहिला.

ऑडिटच्या दिवशी ताई सुट्टीवर होती. पण सकाळी आमची बस फाटकाशी आली तर ही समोर उभी. कामावरचा एप्रन घातलेला, हातात डबा.

वॉचमन म्हणत होता, "मावशी, तुमची तो छुट्टी है, जा के आराम करो ना."

"म्या मांगितली का सुट्टी? नाही मांगितली. मंग मी ड्यूटीवर आली."

त्याने आत सोडलं नाही. तीही हलली नाही. शेवटी त्यानेच आपलं स्टूल तिला बसायला दिलं.

मुलाखतीला बोलावलेल्यांत माझं नाव होतंच. मी नीट उत्तरं देते असं मॅडमचं मत होतं. वरच्या मजल्यावर एसीची खोली, ऑडिटरसाहेब लॅपटॉप उघडून बसलेले, हिंदीत विचारणारे. कोपऱ्यात आमचे पीएचडीचे सर वही घेऊन. मॅडम बाहेर, पण काचेतून दिसत होत्या. मास्क मिळतो का, मिळतो. पगार वेळेवर होतो का, होतो, आणि ते खरंच होतं. मग साहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "और कोई तकलीफ?"

नोकरी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर गावी जायचं, आणि गावी काय आहे? मी सरांकडे बघितलं. वाटलं, हा एक शब्द बोलेल. त्याला सगळं ठाऊक आहे, त्याच्या खिशात ताईचा आवाज आहे. तो वहीत काहीतरी लिहीत होता. मी काय बोलते आणि काय बोलत नाही, तेच लिहीत असणार.

तेव्हा जो संताप आला ना, त्याने भीती मागे पडली. मी म्हटलं, "साहब, जो खाँसते हैं उनको आज छुट्टी दी है. उनमें से एक बाई गेट पे बैठी है. उसको ऊपर बुलाओ."

साहेबांची बोटं थांबली. त्यांनी बाहेर बघितलं आणि मॅडमना खूण केली.

ताईला आणलं. फाटकापासून चालत आली, मग जिना. दारात पोचली आणि चौकट धरून उभी राहिली. साहेबांनी नाव विचारलं. तिला ते सांगता येईना. खोकला आणि घरघर, घरघर आणि खोकला, एवढंच. काय काय बोलायचं ते तिने ठरवून आणलं होतं, त्यातलं काही बोलायची गरजच पडली नाही. मॅडम धावत पाण्याचा ग्लास घेऊन आल्या.

संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं होतं, ओरडतील. त्या रडवेल्या झाल्या होत्या.

"तुझ्यासाठी मी काय नाही केलं? आईसारखं बघितलं तुला. माझी पण नोकरी आहे ना गं. आधी मला सांगायचं होतंस."

"मॅडम, ताईंनी तुम्हाला सांगितलं होतं."

"वरून जागा मंजूर होत नाही, तर मी कुठून आणू?"

"मग सुट्टी कुठून मंजूर होते?"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि टेबल उलटावंसंही वाटत होतं. दोन्ही खरं. उपकार करणारा माणूस चुकला की त्याच्यावर धड रागावताही येत नाही, आणि न रागावून भागत नाही. मी तशीच बाहेर आले. त्यानंतर कामापुरतंच बोलतात माझ्याशी. नोकरी मात्र घेतली नाही, आणि ती त्यांच्यामुळेच टिकली असणार हेही मला ठाऊक आहे.

ऑडिटरने लिहिलं असावं काहीतरी, कारण पॅकिंगला जागा निघाली. ताईला मिळाली. पण कशी? कंपनीचा राजीनामा द्यायचा आणि ठेकेदाराकडून पुन्हा लागायचं. काम गिरणीतच, पण माणूस गिरणीचा नाही. म्हणजे पुढच्या अहवालात कंपनीच्या माणसांत एकही खोकणारी बाई नसणार, आणि ते अक्षरशः खरं असेल!

मी पीएचडीच्या सरांना फोन केला. कधीही फोन करा, असं तेच म्हणाले होते. सांगितलं, ताईकडून असं लिहून घेताहेत, कायद्याचं कोणी माहीत असेल तर बघा. ते म्हणाले, "अरे, हे तर फारच महत्त्वाचं आहे. एक मिनिट, मी रेकॉर्डिंग लावू का?"

मी फोन कापला. रस्त्यात उभी राहून इचलकरंजीच्या भाषेत जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

रविवारी ताईच्या घरी गेले. ती अंगणात बसून संभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. मी चपला काढायच्या आधीच सुरू झाले, "सही करू नका ताई. कायम नोकरी हाय तुमची. असं कसं सोडताय? आपण लढू की."

"केली सही. मांगच्या सोमवारीच."

"कशाला केली? एवढं गेटवर बसलात, एवढं केलं, ते ह्याच्यासाठी?"

ताईने जुडी खाली ठेवली. तिला मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"तू कायले कल्ला करून राहिली वं? लढू म्हनते. लढाले मी नाही म्हनली का? पन तुही छाती चांगली हाय. दोन महिने थांब म्हनशीन, कोर्टात चाल म्हनशीन, अन् तवरोक त्या धुळीत झाडू कोन मारीन, तू? आठवडाभर पॅकिंगले बसली तं काल मी माह्या पायानं गच्चीवर जाऊन कपडे वाळू घातले. एकदाच थांबली मधात. तुले समजते का ते?"

मला समजत होतं, पण राग जात नव्हता. तिच्यावरचा गेला, बाकीचा होता तिथेच राहिला. ती पुन्हा जुडीकडे वळली आणि जरा वेळाने, आवाज खाली आणून म्हणाली, "कार्डिंगमंधी अजून दोघी हायेत. एक तं तुह्यापेक्षा लहान. पुढच्या खेपेले तिघी बसू गेटवर. मले तं आता ते हाकलू बी शकत नाही. म्हनीन, मी तुमची कुठं हाओ बाप्पा, मी ठेकेदाराची."

आणि हसली. हसताना खोकला आला, पण लवकर थांबला. मी तिच्या शेजारी बसले आणि दुसरी जुडी सोडली. त्या दोघींची नावं तिने मला सांगितली. ती मी लिहीत नाही. सरांनी दिलेलं कारण मलाही द्यावं लागतंय, याचा वेगळा राग येतो. पण त्या दोघींकडे मी सोमवारी डबा घेऊन गेले.