गोठलेली शाई

साठी उलटल्यावर मी लिहू लागले. त्यामुळे आपला वेळ घेण्याचा अधिकार मला आहे, असे वाटत नाही. तरीही हे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

अमेरिकेत मुलीकडे गेले असता एका छोट्या संग्रहालयात अठराव्या शतकातील एका शेतमालकिणीची रोजनिशी पाहिली. शेजारी तिची छापील प्रत वाचायला ठेवली होती. साबण शिजवला, सूत कातले, मॉली गाय व्याली, अशा साध्या नोंदी वाचताना ती बाई मला अगदी शेजारची वाटू लागली. मग एका हिवाळी सकाळची नोंद आली. दौतीतली शाई गोठली होती. 'आमच्या काळ्या बाईने' ती चुलीजवळ धरून पातळ केली, म्हणून लिहिता आले.

"अगं, हिचं नाव कुठे दिसत नाही," मी मुलीला म्हटले.

"आई, गुलाम होती ती. विकत घेतलेली. गाईचं नाव आहे ना, त्यावर समाधान मान!" ती कडवट हसली.

मी सारी छापील पाने पुन्हा चाळली. त्या बाईने धुणी धुतली होती, मालकिणीचे आजारपण काढले होते. नाव मात्र कोठेही नव्हते. जिला तिने ऊब दिली, त्याच शाईला तिचे नाव जड झाले. काचेपलीकडचे ते वळणदार अक्षर त्यानंतर मला सुंदर वाटेना.

आता तिच्याविषयी लिहायला बसले आहे आणि पहिल्याच वाक्याशी अडले आहे. आपणच सांगा, तिचा उल्लेख मी कोणत्या नावाने करावा?