खिडकीखालचा मोगरा

वैशाखातल्या भर दुपारी, अंगणातली माती तापून भेगाळलेली असताना, आमच्या सिल्वासाच्या क्वार्टरच्या मागच्या खिडकीखाली मोगरा असा काही फुलला होता की त्याच्या वासाने सगळं घर भरून जाई. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. कॉलनीच्या नळाला सकाळी जेमतेम तासभर पाणी येई, म्हणून बागेला पाणी घालणं मी केव्हाच सोडलं होतं. सदाफुली करपली, तुळशीच्या काड्या झाल्या, आणि हा एकटा मोगरा मात्र पानापानांतून तजेलदार. शेजारणी येऊन ओंजळभर फुलं नेत आणि म्हणत, "घरात वडीलधाऱ्यांची सेवा होते ना, तिचं हे पुण्य!" मी वरवर 'छे हो' म्हणे, पण खरं सांगायचं तर मनातून सुखावत असे.

सेवा म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मामंजींची. होळीच्या सुमाराला नाशिकच्या घरी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचाही जड झाली, आणि यांची नोकरी इथल्या कारखान्यात असल्यामुळे आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. मामंजी जुन्या वळणाचे, विलक्षण मर्यादशील. खांद्यावर उपरणं घेतल्याशिवाय ते कधी माझ्यासमोर आले नाहीत. स्वयंपाकघरात यायचं झालं तर दाराशी आधी खाकरत, मी पदर सावरीपर्यंत थांबत, आणि मगच उंबरा ओलांडत. माझ्या लग्नाला अठरा वर्षं होऊन गेली तरी त्या खाकरण्यात एकदाही खंड पडला नव्हता.

आता त्याच माणसाला मी रोज आंघोळ घालत होते, लघवीचं भांडं देत होते, धोतराऐवजी सोयीचा लेंगा चढवत होते. यांनी दोनदा सुचवलं की मदतीला एखादा जाणता माणूस ठेवू या. मी फणकाऱ्याने म्हटलं, "घरच्या माणसाची सेवा पगारी माणसाने करायची, तर मग आपण कशाला आहोत?" मी अंग पुसायला लागले की मामंजी डोळे घट्ट मिटून घेत, आणि मला वाटे, समाधानाने मिटले.

एवढं करूनही ते खालावत चालले. जीभ कोरडी पडली, लघवी गडद आणि थोडी होऊ लागली, दिवसाही ग्लानी येऊ लागली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितात?" मी ठामपणे सांगितलं, दिवसातून तीन तांबे. त्यांचा डावा हात चांगला होता, म्हणून तांब्या मी मुद्दाम त्या बाजूला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत असे, आणि प्रत्येक वेळी तो रिकामा झालेला मीच उचलत असे. डॉक्टर गंभीर झाले. एवढं पाणी पोटात जाऊन ही अवस्था असेल, तर मूत्रपिंडं दगा देताहेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन दिवस वाट पाहू, सोमवारी वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात हलवू. पण या वयात हा प्रवास त्यांना झेपेलच असं नाही, हेही त्यांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्याच दिवशी मामंजींना उचलताना माझी कंबर धरली, आणि नाइलाजाने मी परक्या माणसाला घरात घ्यायला कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, खानवेलच्या सकाळच्या बसने जानूभाई आला. पन्नाशीचा, सडपातळ, पायात टायरच्या चपला. पंधरा-सोळा वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात आजाऱ्यांची अंगं पुसण्यात गेलेली, म्हणून डॉक्टरांनीच त्याला पाठवलं होतं. खोलीच्या दाराशी तो थांबला आणि खोकला. थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग आत गेला. पाणी आणायला बाहेर आला, परत दाराशी थांबून खोकला. माझं माथं भडकलं. आधीच अशक्त झालेल्या माणसाजवळ हा खोकणारा गडी कुठून आणला!

"जानूभाई, खोकला असेल तर आधी औषध घ्या, मग आत जा," मी सुनावलं.

तो हसला. "खोकला नाय बेन. कोनाच्या घरात शिरतो तं आवाज द्यावा लागं ना? ती खोली दादांचं घर हाय."

दीड महिना मी त्या खोलीत हवी तेव्हा वाऱ्यासारखी आत-बाहेर करत होते.

मग त्याने एक स्वच्छ चादर हवेत झटकली. खिडकीतून येणारं पांढरं ऊन क्षणभर तिच्यात भरलं, आणि ती मामंजींच्या अंगावर अलगद उतरली. "बेन, तुमी भायर," म्हणत त्याने दार लोटून घेतलं. पुढचं मला यांनी सांगितलं, कारण त्या दिवशी ते घरी होते आणि शिकायला म्हणून आत थांबले होते. तो माणूस सगळं काही चादरीखाली करत होता, नुसत्या स्पर्शाच्या अंदाजाने. ओला पंचा आत जाई, बाहेर येई. लेंगा आतल्या आत उतरला, धुतलेलं धोतर आतल्या आत नेसवलं गेलं. अंगाचा कुठलाही भाग उघडा पडला नाही. आणि हे करताना त्याचं तोंड सतत खिडकीकडे, गप्पा भाताच्या नि नागलीच्या. यांनी सांगितलं, "बाबांनी डोळे मिटले नाहीत. त्याचं बोलणं ऐकत होते." हातांनी डोळ्यांचं काम करावं आणि डोळ्यांनी दुसऱ्याच्या लाजेची राखण करावी, अशीही विद्या जगात असते आणि ती खानवेलच्या बसने येते, याचं मला इतकं नवल वाटलं की कंबरेचं दुखणंही काही वेळ विसरले.

दुपारी तो मागच्या अंगणात पंचे वाळत घालत होता. माझ्याकडे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बेन, दादा पानी पीत नाय. मोगरा पितो."

"काय बोलता? मी स्वतः तांबे भरते!"

"तुमी भरता. ते ओतता. पानी पिला तं भांडं मांगाया लागं. भांडं द्याला तुमी येता." तो जमिनीकडे बघत होता. "दादांला शरम वाटते, बेन."

मला राग आला. अस्सा राग आला! माझ्या सेवेत हा खोट काढतो? तरातरा मोगऱ्याजवळ गेले. मामंजींच्या खिडकीच्या कट्ट्यापासून खाली भिंतीवर पाण्याच्या ओघळाचा हिरवट पट्टा उतरला होता. मुळाशी हात लावला. माती गार आणि ओली. बाजूला सदाफुलीची राख झालेली. ते मिटलेले डोळे मला दिसू लागले, घट्ट, सुरकुत्या पडेपर्यंत मिटलेले. सुनेच्या हातून उघडं पडण्यापेक्षा तहानेने मरण बरं, असं त्या मर्यादशील माणसाने मनाशी ठरवलं होतं, आणि त्या तहानेची फुलं मी दीड महिना देवाला वाहत होते.

"त्यांला बोलू नका," जानूभाई मागून म्हणाला. "आपल्याला कळला असं त्यांला कळला, तं शरम परत येल."

आम्ही कुणीच बोललो नाही. जानूभाई रोज येऊ लागला. संध्याकाळी तो गेल्यावर खोलीतलं काम यांनी अंगावर घेतलं. सोमवारी डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि वलसाडला जायचं दोन दिवस पुढे ढकललं. मग पुन्हा कुणी त्याचं नाव काढलं नाही. इकडे मोगऱ्याची पानं पिवळी पडू लागली. कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. घरातला वास ओसरला, शेजारणी हळहळल्या, आणि मी रोज सकाळी उठून आधी त्या सुकत चाललेल्या झाडाकडे बघत असे. आयुष्यात एखादं झाड वाळताना पाहून इतका आनंद मला परत कधी झाला नाही.

सेवा म्हणजे नेमकं काय, हे मला आजही धड सांगता येणार नाही. आजाऱ्याच्या खोलीत शिरताना मात्र मी अजून दाराशी आधी खाकरते, मग तो आजारी माझ्या घरचा असो की शेजारचा. ती सवय त्याच उन्हाळ्यातली.

त्या सवयीच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगते. पदर सावरून मी दाराशी उभी राहिले आणि खाकरले. मग मामंजींचा जड, तुटक आवाज आला, "ये." ते धोतर नेसून, खांद्यावर उपरणं घेऊन, उशांना टेकून बसले होते. कट्ट्यावरचा तांब्या भरलेला होता. मी हातातली पेजेची वाटी ठेवून वळले, तेव्हा एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "सूनबाई, मोगरा... सुकला. आता तू घाल... पाणी."

'आता' या शब्दावर ते किंचित थांबले होते. मी मान खाली घालून "हो" म्हटलं. सकाळचं साठवलेलं बादलीभर पाणी घेऊन मागे गेले आणि भेगाळलेल्या मातीत हळूहळू ओतू लागले. वर, गजांच्या आत, कट्ट्यावर तांब्या वाजल्याचा आणि मग घोट घोट पाणी उतरल्याचा आवाज येत होता. बादली संपली तरी तो आवाज थांबेपर्यंत मी तिथून हलले नाही.