तुरीच्या कोठीतला पंप

हिंगणीहून निघाले तेव्हा एसटी स्टँडवर सासूबाईंनी माझ्या पिशवीत वांगी कोंबली आणि हळूच बजावलं, "दवाखान्यासाठी चालली म्हणून सांगजो लोकाइले. राहाले चालली म्हणू नको."

माझं बोट धरून माझी लेक गुड्डी उभी होती. तिला दमा आहे. हा शब्द आमच्या घरात मोठ्यानं बोलायचा नव्हता. पोरीच्या जातीला दमा म्हणजे लग्नाला विघ्न. म्हणून तिचा श्वासाचा पंप मी दार लावून द्यायचे, आणि पाहुणे आले की सासूबाई तो लपवायच्या.

एका दुपारी पाहुण्यांचा स्वयंपाक झाला, चुलीचा धूर घरभर कोंडला आणि गुड्डीला धाप लागली. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. पंप सापडेना. सासूबाई पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेलेल्या. आमच्या गावची आशा कार्यकर्ती वंदना धावत आली. तिनं पोरीला ताठ बसवलं, दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. तेवढ्यात सासूबाई परतल्या आणि तुरीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी पंप बाहेर काढला. वंदनानं नळीत शिरलेली तूर आधी झटकली, मग पंप दिला. गुड्डी बोलायला लागल्यावर वंदना सासूबाईंना म्हणाली,

"मावशी, पाहुणे आले की चष्माबी लपवता का?"

"चष्म्यानं लगन मोडत नाई."

त्याच आठवड्यात मी गाव सोडलं.

आता वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत एका खोलीत राहते, ब्लाऊज शिवते. नवरा गावाहून भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात आला की घटकाभर येऊन जातो. गाव सुटलं की दमाही सुटेल, असं वाटलं होतं. इथल्या आशाताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "पोरगी बरी दिसली तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय रोजचा पंप सोडायचा नाही." बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर कचरा पेटला की खिडकी लावून घेते. मग आत मशीन, गुड्डी, मी आणि पंख्याची गरम हवा.

गावाहून फोन आला की एकच प्रश्न, "पोरगी बरी झाली काय?" झाली म्हटलं, तर परत काऊन येत नाही? नाही म्हटलं, तर झालं तरी काय तिला? स्टँडवरचं खोटं सोबत आणलं, आता त्यातच राहते. तुमच्यातही कोणी असंच काहीतरी सांगून निघालं असेल, त्याला हे समजेल.

परवा सासूबाईंचा फोन आला. सुट्टीत गेलो तर असावा म्हणून एक पंप तिकडे ठेवलेला आहे. त्याबद्दलच बोलल्या. "वंदनानं डोकं खाल्लं माहं. पंप बैठकीतल्या फळीवर ठेवला. पाहुण्याइनं इचारलं, मी सांगतलं, नातीले दमा हाय. आता येजो."

मग विचारलं, "चूल?"

"बाहेर मांडली."

"आणि पऱ्हाटी?" कापूस निघाल्यावर उरलेल्या तिच्या काड्यांचे ढीग शेतात पेटतात, गावभर धूर असतो.

"ते तुह्या नवऱ्याले इचार."

विचारलं. तो म्हणाला, "सारेच पेटवून राह्यले. मी एकटा काय करू?"

पोरीला पंप देताना दार लावावं लागू नये आणि धुरामुळे खिडकीही लावावी लागू नये, तेच आता माझ्या लेखी घर. सासूबाईंनी दार उघडलं. खिडकीचं कोण करतं, ते पाहते आहे.