तीन पायऱ्या आणि सात नंबरचा बीपी चार्ट

चहा कपांत ओतून झाला होता आणि एस्तेर प्रार्थनेची विनंती सांगायला उभी राहिली.

बुधवार, संध्याकाळचे साडेपाच. पिपरी मेघेतलं माझं घर, हॉलमध्ये सतरंजीवर चौदा-पंधरा माणसं. आमच्या चर्चमध्ये याला कॉटेज मीटिंग म्हणतात. दर बुधवारी कोणाच्या तरी घरी बसायचं, बायबलमधला एक उतारा वाचायचा, तो रोजच्या जगण्याला कसा लावायचा ते बोलायचं आणि शेवटी ज्याची जी अडचण असेल ती सांगायची. मग सगळे मिळून प्रार्थना करतात. अडचणी ठरलेल्या. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या सासूचे गुडघे, कोणाची बदली.

एस्तेर म्हणाली, "आपल्या विमल सिस्टरसाठी प्रार्थना करा. त्या वॉर्डात बीपी न घेताच चार्ट भरून राह्यल्या. मी त्याईले एकट्यात सांगतलं. मंग दोन साक्षीदार घेऊन सांगतलं. ऐकत नाई. म्हणून आता मंडळीले सांगून राह्यली."

मंडळी म्हणजे चर्चचे सगळे सभासद. म्हणजे आम्ही, सतरंजीवर बसलेले. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी टीव्हीवरच ठेवायला निघाले होते, इतकं माझं डोकं बंद पडलं.

मी तेव्हा वर्ध्यातल्या एका हॉस्पिटलात पीएनसी वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. पीएनसी म्हणजे बाळंतपण झालेल्या बायकांचा वॉर्ड. एस्तेर आणि विमल दोघी माझ्याच हाताखालच्या. एस्तेरला नोकरीत दोन वर्षं झालेली, विमलला अठरा. दोघीही आमच्याच चर्चच्या. विमल त्या संध्याकाळी आली नव्हती.

"कोणाचा चार्ट?" मी विचारलं.

"सात नंबरचा. जयाचा."

जया तळेगाव श्यामजी पंतची, बावीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, रविवारी सिझर झालेलं. गरोदरपणात तिचं बीपी वाढलं होतं. लोकांना वाटतं, बाळ झालं की हे बीपी उतरलंच. तसं नसतं. उलट तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पुन्हा उसळी मारू शकतं. एकदा उसळलं की झटके येतात, मेंदूत रक्तस्रावसुद्धा होतो. धडधाकट दिसणारी बाई तासाभरात जाऊ शकते. म्हणून दर चार तासांनी बीपी घ्यायचं आणि चार्टवर लिहायचं. डॉक्टर तो चार्ट पाहून गोळी वाढवतात किंवा कमी करतात. आणि त्याच सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी चार्टवर एकशे वीस-ऐंशी पाहून जयाची गोळी बंद केली होती. आकडे त्यांना वाचून दाखवले ते मी. वर मीच "छान" असंही म्हणाले होते.

पास्टर शांत माणूस. म्हणाले, "आधी विमलताईंसाठी दोन शब्द प्रार्थना करू या."

"तुम्ही करा, पास्टर. मी फोन करते."

वॉर्डात दुपारपाळीची सिस्टर होती. तिला म्हटलं, सात नंबरचं बीपी आत्ताच्या आत्ता घे, सहा वाजायची वाट पाहू नको, फोन चालू ठेव. ती जाता जाता सांगत होती की जयाची आई दुपारपासून पोरीचं डोकं दुखतंय म्हणून मागे लागली होती. पण विमलनं दोनचं बीपी नॉर्मल लिहून, डोकेदुखीची गोळी देऊन ड्युटी सोपवली होती, म्हणून हिनं सहाची वाट पाहिली. मग नुसते बाळांच्या रडण्याचे आवाज. मग ती म्हणाली, "मॅडम, एकशे ऐंशी, एकशे पंधरा."

"परत घे."

"परतच घेतलं. तेच हाय."

मी तिला डॉक्टरांना बोलवायला सांगितलं आणि स्कूटी काढली. घरात पंधरा माणसं बसलेली आहेत, गॅस बंद केला का, काहीच डोक्यात नव्हतं. पोचले तेव्हा जया डोळे मिटून पडली होती. डोळ्यांपुढे चांदण्या दिसतात म्हणत होती. हे झटका येण्याआधीचं लक्षण. डॉक्टरांनी बीपी उतरवायचं इंजेक्शन दिलं, झटके टाळायचं मॅग्नेशियम सुरू केलं. आम्ही दर दहा मिनिटांनी बीपी घेत होतो. तासाभरात एकशे पन्नासवर आलं. झटका आला नाही. यात आमची हुशारी शून्य. एस्तेरला आपली विनंती पुढच्या बुधवारी सांगावीशी वाटली असती, तर मी हे लिहायला बसलेच नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्तेरला केबिनमध्ये घेतलं. रागानं माझा आवाज चिरकत होता. आमच्याकडे साधा नियम आहे. चूक दिसली, कोणाचीही असो, स्वतःची असो, तर त्याच ड्युटीत इन्सिडंट रिपोर्ट भरायचा. म्हणजे काय चुकलं, कोणत्या पेशंटचं, कधी, हे एका फॉर्मवर लिहून इन्चार्जला द्यायचं. एक पानाचा फॉर्म. पाच मिनिटांचं काम. माझं टेबल तिच्यापासून वीस पावलांवर. हे सोडून ही पोरगी तीन दिवस काय करत होती?

तिनं सांगितलं. सोमवारी तिनं पाहिलं की विमल खाटांमधून चालता चालता आकडे लिहिते. दोघी चेंजिंग रूममध्ये गेल्या. विमल रडली, चुकलं म्हणाली, दोघींनी हात धरून प्रार्थना केली. मंगळवारी विमलनं पुन्हा तेच केलं. मग एस्तेरनं कँटीनमध्ये दोन साक्षीदार जमवले, एक लॅबमधला टेक्निशियन, एक फार्मसीतली मुलगी. दोघंही चर्चचेच. विमल पुन्हा चुकलं म्हणाली, पुन्हा प्रार्थना झाली, मग सगळ्यांनी समोसे खाल्ले. बुधवारी सकाळी विमलनं तिसऱ्यांदा तेच केलं. संध्याकाळी योगायोगानं कॉटेज मीटिंग होतीच.

चार जण बसले होते त्या टेबलावर. चौघंही हॉस्पिटलातले. समोसा खाऊन झाल्यावर वर जाऊन त्या बाईच्या दंडाला एकदा बीपीच्या मशीनचा कफ गुंडाळावा, असं चौघांपैकी एकालाही सुचू नये! मी कपाळावर हात मारून घेतला.

"तू स्वतः का नाही घेतलं बीपी?"

"ती खाटांची लाइन विमल सिस्टरची होती न, मॅडम. मी घेतलं असतं तर त्याईचा अपमान झाला असता."

"आणि मला का नाही सांगितलं?"

तिनं पर्समधून वही काढली, पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. मागच्या आठवड्यातल्या बुधवारचं पान. मत्तयाचं शुभवर्तमान, अठरावा अध्याय. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. त्याखाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं: कामाच्या ठिकाणीसुद्धा साहेबाकडे धावत जायचं नाही, आधी त्या माणसाकडे जायचं. आणि त्याला लाल पेननं चौकट.

त्या मीटिंगमध्ये बोललेलं हे वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा.

आता खरं सांगायचं तर ते वाक्य मी काही फार प्रार्थनापूर्वक काढलेलं नव्हतं. माझ्या टेबलावर रोज तक्रारी यायच्या. हिनं माझी चप्पल घातली, तिनं माझी सुट्टी खाल्ली, ही मला बघून तोंड फिरवते. मला वैताग आला होता. त्या बुधवारी हा उतारा समोर आला आणि मला वाटलं, बरं झालं, देवानंच सोय केली. उतारा जगण्याला लावायच्या नावाखाली मी माझं टेबल रिकामं करून घेतलं.

तिनं हळूच विचारलं, "मंग ते वचन चुकीचं हाय का, मॅडम?"

मी बायबल काढलं. तिला म्हटलं, वाच, अपराध कोणाविरुद्ध? तिनं वाचलं. तुझ्याविरुद्ध. "विमलनं तुझं काय बिघडवलं होतं?" मी विचारलं. "तुझा डबा खाल्ला? तुला शिवी दिली? बिघडवलं ते जयाचं. मग चेंजिंग रूममध्ये जाऊन माफ करणारी तू कोण?"

तिचे डोळे भरून आले. मला तिची दया आली नाही, स्वतःचीही आली नाही.

इन्सिडंट रिपोर्ट मीच भरला. त्यात एक रकाना असतो, उशिरा कळवल्याचं कारण. मी लिहिलं, इन्चार्जच्या शिकवणीचा चुकीचा वापर. मेट्रन मॅडमनी चष्मा वर केला. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख. त्यांचा आणि चर्चचा काही संबंध नाही. त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, समोशासकट.

मग म्हणाल्या, "चुकीचा वापर, की चुकीची शिकवण?"

"दोन्ही लिहा," मी म्हटलं. त्यांनी लिहिलं. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर लागलेला तो एकच मेमो.

विमलला दुपारी बोलावलं. मला भांडायचं होतं. पण ती आली तीच खाली मान घालून. अठ्ठावीस खाटा, चालू मशीन एक, त्याचाही कफ दंडावर टिकत नाही, असं ती म्हणाली. ते खरं होतं. मशीनसाठी मी दोन अर्ज दिले होते, तिसरा द्यायचा कंटाळा केला होता. पण कफ टिकत नाही म्हणून आकडे मनानं लिहायचे? तसं मी बोलले. वर हेही बोलले की, सोमवारी रडलीस, मंगळवारी रडलीस, तुझ्या रडण्यानं कोणाचं बीपी उतरलं?

"आता मी काय करू, मॅडम?" तिनं विचारलं.

म्हटलं, मत्तयातली पहिली पायरी कर. जिचा अपराध केलास तिच्याकडे जा. एकटी जा.

ती वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत आली. मग मी बरोबर गेले. जया टेकून बसली होती, बाळ मांडीवर. तिची आई स्टुलावर, हातात पातळ वरणाची वाटी. विमलनं सांगितलं. तीन दिवस सकाळचं बीपी मी घेतलंच नव्हतं, मनानंच लिहिलं, म्हणून तुमची गोळी बंद झाली, म्हणून काल तसं झालं. काही लपवलं नाही. जयानं बाळाला जवळ घेतलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

आईनं वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही बाई वॉर्ड डोक्यावर घेणार. घ्यायलाच हवा होता. पण ती साध्या आवाजात म्हणाली, "मले मालूम होतं, बाई. तुमी खाटेजवळून गेल्त्या, अन् कागदावर लिहून गेल्त्या. तिन्ही दिवस पायलं मी. मले वाटलं, एवढ्या शिकेल बाया हायत, याईले दुरूनच समजत असन."



जया आठव्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेली. माफ केलं असं ती शेवटपर्यंत म्हणाली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. चौकशी होऊन विमलची बदली ओपीडीत झाली, तिथे ती निवृत्तीपर्यंत राहिली. एस्तेरला लेखी समज मिळाली. दोन नवी मशीनं मात्र पंधरवड्यात आली, ज्यासाठी माझे अर्ज वर्षभर पडून होते.

कॉटेज मीटिंग अजून चालते. बायबल तेच आहे, मत्तयही तोच. फक्त आता कोणी उतारा वाचला की मी आधी विचारते, यात मार कोणाला बसला आहे? तो माणूस इथे बसलेला नसेल, तर आधी उठा आणि त्याच्याकडे जा. प्रार्थना परत आल्यावर करू.